उशिरा उघडलेला रंगपट

विल्यम शॅटनरचं ते स्केच तुम्ही यूट्यूबवर कधी ना कधी पाहिलं असेल. डिसेंबर १९८६, 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'. 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांचं संमेलन भरलंय. कॅप्टन कर्कची भूमिका करणारा शॅटनर स्वतः शॅटनर म्हणूनच मंचावर आलाय आणि समोर टोकदार कान लावलेली, छातीवर बिल्ले टोचलेली पोरं त्याला प्रश्न विचारतायत. एकाला हवाय तिजोरीचा नंबर, अमुक एपिसोडमध्ये तुम्ही उघडलीत ती. शॅटनरचा तोल जातो. तो म्हणतो की ती फक्त एक टीव्ही मालिका होती, मी काही वर्षं गंमत म्हणून केलेल्या कामापायी तुम्ही आपली आयुष्यं फुकट घालवताय, जरा जगा की! पोरांचे चेहरे पडतात, प्रेक्षक खो खो हसतात.

सायन्स फिक्शनच्या चाहत्यांबद्दल त्यानंतर जे काही विनोद झाले, त्यातले निम्मे याच स्केचची पोरंबाळं आहेत. तळघरात राहणारा, मुलींशी न बोललेला, नटाला पात्र समजणारा येडा फॅन. पण गंमत अशी की स्केच तिथे संपत नाही. शेवटचं एक मिनिट कोणाच्या लक्षात राहत नाही. संमेलनाचा आयोजक चिडून शॅटनरला त्याचा करारनामा दाखवतो. शॅटनर गुमान माइककडे परत येतो आणि सांगतो, आत्ता तुम्ही पाहिलात तो 'द एनिमी विदिन' या एपिसोडमधला दुष्ट कर्क होता बरं का. त्या एपिसोडमध्ये यंत्र बिघडून कर्कचे दोन तुकडे होतात, एक सज्जन आणि एक दुर्जन. पोरं सुटकेचा निःश्वास टाकतात.

मला हे स्केच आवडतं ते याच मिनिटासाठी. सगळे म्हणतात की ते चाहत्यांची टर उडवतं. उडवतंच. पण त्या मिनिटात खोटं कोण बोलतंय? नट. का? पैशांसाठी. आणि कोणाच्या कपड्यांत लपून? ज्या पात्राला तो दोन मिनिटांपूर्वी क्षुल्लक म्हणत होता, त्याच्याच. लिहिणाऱ्यांना हे नीट कळलेलं होतं. पाहणाऱ्यांनी मात्र सोयीचा अर्धा भाग उचलला.

हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ साली 'टेक्स्च्युअल पोचर्स' हे पुस्तक लिहिलं. चाहत्यांच्या जगाचा विद्यापीठीय अभ्यास जिथून जोर धरतो ते हे पुस्तक, आणि तेही याच स्केचपासून सुरू होतं. जेन्किन्स यांचं म्हणणं थोडक्यात असं: फॅन म्हणजे तोंड उघडं टाकून बघत बसलेला प्राणी नाही. तो त्या मालिकेतून कथा लिहितो, गाणी रचतो, व्हिडिओ कापून जोडतो, म्हणजे तोही निर्माता आहे. हे सगळं खरं. पण चाहत्यांची बाजू घ्यायची तर ते काहीतरी 'निर्माण' करतात हे आधी सिद्ध करावं लागतं, याची मला जरा अडचण होते. ज्याने काही लिहिलं नाही, काही शिवलं नाही, जो फक्त दोन तास रांगेत उभा राहिला आणि एका म्हाताऱ्या नटासमोर वीस सेकंद थांबून घरी गेला, त्याचं काय? मला त्याच्याबद्दल बोलायचंय. एक तर तो बहुसंख्य आहे. आणि दुसरं म्हणजे ती मी आहे.

थोडं मागे जाऊ. सायन्स फिक्शनची संमेलनं 'स्टार ट्रेक'च्या कितीतरी आधीची. पहिलं वर्ल्डकॉन न्यूयॉर्कमध्ये १९३९ साली भरलं. तिथे लोक भेटायला जायचे ते लेखकांना आणि संपादकांना. ते साहित्य संमेलनच होतं म्हणा ना, फक्त अध्यक्षपदावरून भांडणं किती झाली ते विचारू नका. मग १९६६ साली 'स्टार ट्रेक' आली. दुसऱ्या वर्षानंतर ती बंद पडणार अशी चिन्हं दिसताच बिजो ट्रिम्बल आणि तिच्या नवऱ्याने पत्रमोहीम उभारली आणि मालिकेला तिसरं वर्ष मिळालं. १९६९मध्ये ७९ भागांनंतर ती बंद झाली. आपल्याकडच्या हिशेबाने विषय संपला. पण अमेरिकेत स्थानिक वाहिन्यांनी ती पुन्हा पुन्हा दाखवायला घेतली, आणि मालिका मोठी झाली ती मेल्यावर. जानेवारी १९७२मध्ये न्यूयॉर्कच्या स्टॅटलर हिल्टन हॉटेलात काही चाहत्यांनी फक्त 'स्टार ट्रेक'साठी संमेलन भरवलं. काहीशे लोक येतील असा अंदाज होता, आले तीन हजारांहून जास्त. निर्माता जीन रॉडेनबरी आला, आयझॅक असिमोव आले, नासाने प्रदर्शनासाठी सामान पाठवलं.

आता यातली पैशाची बाजू बघा, कारण नटांना भेटण्याच्या सगळ्या प्रकाराची किल्ली तिथे आहे. अमेरिकेत मालिका पुन्हा दाखवली की नटांना त्याचं मानधन मिळतं, त्याला रेसिड्युअल म्हणतात. पण साठच्या दशकातल्या करारांत हे मानधन ठराविक पुनःप्रक्षेपणांपुरतंच असायचं. त्यापुढे मालिका शंभर वेळा दाखवा की हजार वेळा, नटाच्या खिशात काही पडत नसे. हे बदललं १९७४च्या सुमारास, आणि तेही पुढच्या कामांसाठी. म्हणजे सत्तरच्या दशकात घराघरात ज्यांचे चेहरे रोज संध्याकाळी दिसत होते, त्यांना त्या दिसण्याचा छदामही मिळत नव्हता. शिवाय तो चेहरा इतका त्या गणवेशाला चिकटलेला की दुसरी कामंही मिळेनात. लेनर्ड निमॉयने १९७५ साली आत्मचरित्र लिहिलं, नाव ठेवलं 'आय ॲम नॉट स्पॉक'. लोक भडकले. पुस्तक वाचलं असतं तर कळलं असतं की त्यात तो स्पॉकशी गप्पा मारतो, त्याला हाकलून देत नाही. वीस वर्षांनी, १९९५मध्ये, त्याने दुसरं पुस्तक लिहिलं. नाव: 'आय ॲम स्पॉक'.

तर संमेलनातलं ते सहीचं टेबल म्हणजे थकलेला पगार आहे. तो कंपनीने दिला नाही, म्हणून चाहते हप्त्याहप्त्याने देतायत. हे एकदा लक्षात आलं की 'सहीचे पैसे घेतात, शी' हे वाक्य तोंडातून निघत नाही.

माझा मामा मात्र हे वाक्य म्हणतो. डोंबिवलीचा माणूस. 'स्टार ट्रेक' त्याने दूरदर्शनवर पाहिली, रविवारी सकाळी, इंग्रजी फारसं कळत नसताना. स्पॉकला तो अजून 'कानवाला' म्हणतो. मला या सगळ्याचं वेड त्याच्यामुळेच लागलं, पण मी अमेरिकेत शिकायला आल्यावर शिकागोच्या विमानतळाजवळ एका मोठ्या हॉटेलात कॉन आहे आणि मी तिकीट काढलंय असं सांगितलं, तेव्हा फोनवर म्हणाला, "पैसे देऊन भेटायचं? मग ते भेटणं कसलं गं?"

त्याच्या बोलण्यामागे एक सबंध संस्कृती आहे, म्हणून ते सहज उडवून लावता येत नाही. लहानपणी तो मला सावित्रीबाई फुले कलामंदिरात नाटकाला न्यायचा आणि नाटक संपलं की आम्ही रंगपटात जायचो. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात नाटकवेडे आहेत त्यांना ठाऊक असेल. कोणी अडवत नाही, कोणी तिकीट मागत नाही. आत ट्यूबलाइटच्या उजेडात आरशासमोर नट बसलेला असतो, अर्धी मिशी निघालेली, गळ्यात टॉवेल, हातात चहा. "छान झालं हो," एवढंच म्हणायचं. तोही "आवडलं ना?" एवढंच म्हणतो. या भेटीची खरी जादू तिच्या वेळेत आहे. घाम अजून वाळलेला नसतो. जे पाहिलं ते दोघांच्याही अंगात ताजं असतं.

कॉन म्हणजे हाच रंगपट, फक्त तीस-पस्तीस वर्षं उशिरा उघडलेला. नटाचा घाम कधीच वाळला. त्याने त्यानंतर घटस्फोट घेतला, गुडघे बदलले, नातवंडं बघितली. प्रेक्षक मात्र काल रात्री लॅपटॉपवर तो भाग बघून आलाय. त्याच्या अंगात सगळं ताजं आहे. दोघांच्या मधलं हे अंतर कोणीतरी बुजवायचं असतं, आणि ते बुजवण्याचं काम नटाकडे येतं. त्याचे पैसे.

प्रत्यक्षात ते कसं असतं सांगते. फोटो आणि सही ही दोन वेगळी खाती. फोटोसाठी काळ्या पडद्यामागे रांग. आत दिवे, कॅमेरा आणि मध्ये नट उभा. विचारल्याशिवाय गळ्यात पडू नका, पिशव्या बाजूला ठेवा, अशा सूचना देणारा कार्यकर्ता. तुम्ही जाता, वळता, फ्लॅश, बाहेर. श्वास घेईपर्यंत संपतं. पंढरपूरला आषाढीत गाभाऱ्यात ज्यांना बडव्यांनी पुढे ढकललंय त्यांना वेगळं सांगायला नको. सहीचं टेबल बरं. तिथे नट बसलेला असतो, समोर त्याचे जुने फोटो गठ्ठ्यांनी मांडलेले, शेजारी पैसे घेणारा सहायक. हा सहायक तुमचं नाव एका चिकटचिठ्ठीवर लिहून फोटोवर लावतो, म्हणजे नटाला स्पेलिंग विचारत बसावं लागत नाही.

मी ज्याच्यासमोर उभी होते तो नव्वदीतल्या एका मालिकेत दुय्यम भूमिकेत होता. नाव सांगत नाही, कारण मुद्दा तो माणूस नाही, ते टेबल आहे. चाळीस डॉलर दिले. शिष्यवृत्तीवर राहणाऱ्या पोरीला ४० डॉलर म्हणजे आठवड्याची भाजी. सहायकाने माझं नाव लिहिताना दोनदा चुकवलं. नटाने चिठ्ठी बघितली, ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं, मग मला विचारलं, कसं म्हणायचं? मी सांगितलं, मृण्मयी. त्याने म्हटलं, बऱ्यापैकी बरोबर. अर्थ काय? मातीची. तो हसला आणि म्हणाला की सात वर्षं अंतराळात घालवली, मातीचं नाव असलेलं कोणी भेटलं नव्हतं. मग सही.

आता टीकाकार म्हणून मला विचारायचंय ते हे. तो 'सात वर्षं अंतराळात घालवली' म्हणाला. घालवली नव्हती. लॉस एंजेलिसमध्ये प्लायवूडच्या सेटवर घालवली होती. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, त्याला हेही माहीत होतं की मला माहीत आहे. मग ते वाक्य खोटं झालं का? मुळीच नाही. ते एक छोटं, दोघांच्या संमतीने केलेलं नाटक होतं. वीस सेकंदांचा प्रयोग, प्रेक्षक एक. शॅटनरच्या स्केचमधल्या पोरांना हे कळत नाही असं दाखवलंय. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या साठीच्या बाईंना, मुलीसाठी सही घ्यायला आलेल्या ट्रकवाल्याला, सगळ्यांना ते व्यवस्थित कळत होतं. नट आणि पात्र यांत गल्लत करणं म्हणाल तर ती आपल्याकडे जास्त झाली. निळू फुल्यांना बघून गावोगावच्या बायका बोटं मोडायच्या आणि 'रामायण'मधल्या अरुण गोविलांना लोक हात जोडायचे. कॉनमधला फॅन त्या मानाने फारच हिशेबी. त्याला कितव्या भागात गणवेशाची कॉलर बदलली हे ठाऊक असतं, आणि कॉलर शिवणारं कोणीतरी होतं हे विसरणाऱ्याला ते दिसणारच नाही.

या विषयावरचा सर्वांत चांगला सिनेमा 'गॅलक्सी क्वेस्ट' आहे, याबद्दल फारसा वाद नाही. डीन पॅरिसॉट दिग्दर्शित, १९९९. सायन्स फिक्शनवाल्यांनी त्याला ह्युगो पुरस्कारही दिला. बंद पडलेल्या एका अंतराळ-मालिकेचे नट संमेलनं आणि दुकानांची उद्घाटनं करत जगतायत. कप्तान झालेला टिम ॲलन, त्याच्यावर जळणारा ॲलन रिकमन, संगणकाचं बोलणं पुन्हा बोलून दाखवण्यापलीकडे जिला मालिकेत काम नव्हतं ती सिगर्नी वीव्हर. एक दिवस खरे परग्रहवासी येतात. त्यांच्या संस्कृतीत कल्पित गोष्ट ही चीजच नाही. त्यामुळे त्यांनी ती मालिका इतिहासाची नोंद म्हणून पाहिलीये आणि तिच्यावरून हुबेहूब जहाज बांधलंय. आता येऊन आमचं रक्षण करा म्हणतात.

सिनेमा सुरू होतो तो कॉनमध्येच, आणि ती पहिली वीसेक मिनिटं मला अजूनही अस्सल वाटतात. विशेषतः एक जागा. टिम ॲलनचा नट स्वच्छतागृहात असताना बाहेर दोन पोरं त्याच्याबद्दल बोलतात. त्याचे सहकारीही त्याला हसतात हे तो ऐकतो. चाहत्यांना सगळं कळतं, हे त्याला पहिल्यांदा कळतं. आणि मग तो ज्याच्यावर डाफरतो तो मात्र त्या पोरांपैकी नसतो. ब्रँडन नावाचा एक साधा मुलगा जहाजाच्या रचनेबद्दल शंका विचारायला आलेला असतो, तो सापडतो. पुढे नटाला अंतराळातून याच ब्रँडनला फोन करावा लागतो. ब्रँडन आधी शहाण्यासारखं म्हणतो की हे सगळं खोटं आहे हे मला माहीत आहे. नट म्हणतो, अरे, खरं आहे! आणि ब्रँडन क्षणात ओरडतो की मला माहीतच होतं. थिएटर डोक्यावर घेणारा विनोद. मीही दर वेळी हसते.

पण सिनेमाची लबाडी इथेच आहे. ब्रँडनला जहाजाचे सगळे बोळ पाठ असतात म्हणून नटांचे जीव वाचतात. म्हणजे फॅनचं प्रेम शेवटी 'उपयोगी' ठरतं म्हणून त्याला मान. जेन्किन्सच्या पुस्तकात तो निर्माता ठरतो म्हणून मान, इथे तो उपयोगी ठरतो म्हणून. आणि मालिका खरी निघते, हे त्याला मिळालेलं बक्षीस. कोणत्या फॅनला हे बक्षीस हवंय? खरं जहाज हवं असतं तर आम्ही नासाची थेट प्रक्षेपणं बघत बसलो असतो. (काही जण बसतात, तो भाग वेगळा.) आम्हाला ते कोणीतरी रचलेलं, कोणीतरी केलेलं म्हणूनच प्रिय आहे. ते खरं निघालं तर करणाऱ्याचं श्रेय जातं.

गंमत म्हणजे सिनेमाला हेही कुठेतरी माहीत आहे. खलनायक टिम ॲलनला भाग पाडतो की या भाबड्या परग्रहवासीयांच्या प्रमुखाला, मॅथेसारला, स्वतःच्या तोंडाने सांग. ज्याच्या भाषेत नाटक या गोष्टीला शब्दच नाही त्याला नटाने सांगायचंय की मी नट आहे. जहाज इवलंसं खेळणं होतं, आम्ही नुसतं सोंग करत होतो. मॅथेसारचा चेहरा त्या वेळी जो होतो तो एन्रिको कोलान्टोनीने असा केलाय की मला दर वेळी मान वळवावीशी वाटते. विनोदी सिनेमातला हा सर्वांत क्रूर प्रसंग आहे. आणि दुसरा ॲलन रिकमनचा. मालिकेतल्या एका तकियाकलामाने त्याचं आयुष्य नासवलेलं असतं. ते वाक्य म्हणायला लावलं की त्याला शिसारी येते, दुकानाच्या उद्घाटनाला तो ते असं म्हणतो जणू कडू काढा पितोय. पुढे त्याला बापासारखं मानणारा एक तरुण परग्रहवासी त्याच्या मांडीवर मरतो. आणि रिकमन तेच वाक्य म्हणतो. तेच शब्द, पण पहिल्यांदा कोणासाठी तरी. सहीच्या टेबलावर चांगला नट जे करतो ते हेच. हजारदा उष्टं झालेलं वाक्य समोरच्यासाठी पुन्हा एकदा. यासाठी कोणाला मरावं लागत नाही, जहाज लागत नाही. सिनेमाला लागलं, कारण तो सिनेमा आहे.

त्या कॉनमध्ये जुन्या वस्तूंच्या दुकानांची एक रांग होती. तिथे एका डब्यात मला टक्कल केलेल्या एका बाईचा फोटो मिळाला. पर्सिस खंबाटा. आपल्या मुंबईची मुलगी, १९६५ची मिस इंडिया. 'स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर' (१९७९) या सिनेमात इलियाचं काम करायला तिने केस भादरले होते. १९९८ साली मुंबईतच गेली, पन्नाशीही गाठली नव्हती. फोटोवर सही नव्हती. माझ्याजवळ उरलेल्या पैशांत तो येत होता, मी घेतला. मामाला पाठवला. त्याने विचारलं, "ही कोण?"

'ट्रेकीज' या माहितीपटाबद्दल बोलायलाच हवं. रॉजर नायगार्डचा, १९९७चा. निवेदिका डेनिस क्रॉसबी, जी 'नेक्स्ट जनरेशन' पहिल्याच पर्वात सोडून गेली होती. ही निवड हुशारीची. जिने घर सोडलं तीच घराच्या पाहुण्यांना भेटत फिरते. पण कॅमेऱ्याला हाव आहे ती चक्रमपणाची. सगळा दवाखाना जहाजासारखा सजवणारा दंतवैद्य, रोज गणवेश घालून नोकरीला जाणारी बाई. ही माणसं प्रेमळ आहेत, आणि माहितीपट त्यांची कुचेष्टा करत नाही असं त्याचे चाहते म्हणतात. मला तसं वाटत नाही. कुचेष्टा करायची गरज पडत नाही. नुसतं एकामागून एक दाखवत गेलं की ते काम होतंच.

आणि याच माहितीपटात मध्येच एक गोष्ट येते, जिच्यापुढे बाकीचा दीड तास फिका आहे. सांगणारा आहे जेम्स डूहन, म्हणजे इंजिनिअर स्कॉटी. त्याला एका मुलीचं पत्र आलं, आत्महत्या करण्याच्या विचारात असल्याचं. त्याने तिला फोन केला. समजूत काढली नाही, उपदेश केला नाही. म्हणाला, मी इंडियानापोलिसच्या कॉनला येतोय, मला तू तिथे दिसायला हवीस. ती आली. तो सांगतो, तिची अवस्था बघून काय बोलावं कळेना. मग म्हणाला, अमक्या तारखेला मी पुढच्या शहरात आहे, तिथे ये. असं दोन-तीन वर्षं चाललं. मग ती दिसेनाशी झाली. आठ वर्षांनी तिचं पत्र आलं, इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स पूर्ण केल्याचं. हे सांगताना म्हाताऱ्याचा आवाज फुटतो.

माहितीपट ही गोष्ट बाकीच्या गमतीजमतींच्या रांगेत ठेवतो आणि पुढे जातो. मला ती वाचायची आहे ती अशी. डूहनने त्या मुलीला काय दिलं? एक तारीख. मग पुढची तारीख. ज्याला संमेलनांचा धंदा म्हणून नावं ठेवली जातात, त्याचं वेळापत्रक, शहरांची यादी, तेच त्याने तिच्या हातात दिलं. मामाच्या प्रश्नाला मला अजून नीट उत्तर देता आलेलं नाही, पण या गोष्टीत त्याची बाजू लंगडी पडते. ती मुलगी रंगपटात फुकट जाऊन "छान झालं हो" म्हणून आली असती, तर पुढच्या महिन्यात कुठे जायचं हे तिला कोणी सांगितलं असतं?

उलट दिशेने झालेली भेटही सांगायला हवी. उहुराचं काम करणारी निशेल निकल्स पहिल्या पर्वानंतर मालिका सोडायला निघाली होती. ती सांगायची त्याप्रमाणे एका समारंभात आयोजक म्हणाला की तुमच्या एका मोठ्या चाहत्याला तुम्हाला भेटायचंय. ती वळली तर समोर मार्टिन लूथर किंग. त्यांनी सांगितलं की सोडू नका, तुम्हाला त्या खुर्चीत बसलेलं लोकांनी बघणं गरजेचं आहे. ती राहिली. पुढे १९७७मध्ये नासासाठी स्त्रिया आणि कृष्णवर्णीयांनी अर्ज करावेत म्हणून देशभर फिरली. मे जेमिसन १९९२ साली अंतराळात गेली आणि १९९३ साली 'नेक्स्ट जनरेशन'च्या एका भागात छोट्या भूमिकेत झळकली. निकल्स ही गोष्ट कॉनमध्ये शेकडो वेळा सांगत आली. अखेरच्या काही वर्षांत तिला स्मृतिभ्रंश झाला, तिची काळजी कोणी घ्यायची यावर कोर्टकज्जे झाले. डिसेंबर २०२१मध्ये लॉस एंजेलिसच्या एका कॉनमध्ये चाहत्यांनी तिला निरोप दिला. पुढच्या जुलैत ती गेली. टेबल म्हणजे थकलेला पगार असं मी वर म्हटलं, ते एवढं सरळ नाही हे अशा वेळी जाणवतं. माणसाला थांबायचं कधी, हे त्याच्याऐवजी कोण ठरवणार? रांगेत उभं राहणाऱ्यालाही हा प्रश्न पडायला हवा. मी उभी होते तेव्हा समोरचा माणूस ठणठणीत होता, म्हणून मला तो पडला नाही.

डूहनलाही अल्झायमर्स झाला होता. त्याच्या निरोपाचं संमेलन ऑगस्ट २००४मध्ये झालं, त्याला नील आर्मस्ट्राँग आला. चंद्रावर चाललेला इंजिनिअर, इंजिनिअरचं सोंग केलेल्या नटाला मान द्यायला. वर्षभरात डूहन गेला.

त्याच्याबद्दल एक गोष्ट फॅन लोकांना हमखास माहीत असते. डूहन कॅनडाच्या सैन्यात होता. ६ जून १९४४ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्यांपैकी एक. त्या रात्री त्याला गोळ्या लागल्या आणि उजव्या हाताचं मधलं बोट गेलं. मालिकेत कॅमेऱ्यापासून तो हात त्याने शक्य तिथे लपवला, आणि तो कुठल्या भागात चुकून दिसतो हे शोधणं हा चाहत्यांचा जुना खेळ आहे. कॉनमध्ये मात्र लोक टेबलापाशी यायचे आणि हात पुढे करायचे. हस्तांदोलन उजव्याच हाताने करतात.